नळ दुरुस्त करायला किती कागद लागतात?

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
अहिल्यानगर जिल्हा.

विषय : घरोघरी दुरुस्तीची कामं करणाऱ्या कारागिरांसाठी परवान्यांची माहिती एका पानावर, मराठीत, अधिकृतपणे मिळण्याबाबत.

महोदय,

लोकशाही दिनात फक्त वैयक्तिक गाऱ्हाणं ऐकून घेतात आणि मला वैयक्तिक गाऱ्हाणं नाही. दुकान चालतंय, घर चालतंय. गाऱ्हाणं आहे ते माझ्या काउंटरवर रोज सकाळी उभ्या राहणाऱ्या पोरांचं, आणि ते एकेकट्याचं नसून सगळ्यांचं सारखंच आहे. म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे.

माझं हार्डवेअरचं दुकान आहे. सकाळी नऊच्या सुमाराला तिथे घरमालक क्वचित दिसतात, गर्दी असते ती कारागिरांची. एखाद्याला अर्धा इंची एल्बो आणि सोल्युशनची डबी हवी असते, एखाद्याला सहा अँपिअरचे चार स्विच, कुणाला गिट्टे आणि स्क्रू. हा माणूस सकाळी सावेडीत फ्लशची टाकी बदलतो, दुपारी केडगावात पडद्याचे रॉड लावतो आणि संध्याकाळी भिंगारला पंखा टांगतो. मोटारसायकल, एक बॅग, एक ड्रिल मशीन आणि मोबाइल एवढंच त्याचं भांडवल. त्यातला एखादा म्हणतो, "शेठ, दुसऱ्याच्या हाताखाली किती दिवस काढायचे? आता आपल्या नावाने सुरू करतो. काय काय लागतं?"

मग काउंटरवरच्या चौघांकडून चार उत्तरं येतात. एक सांगतो, आधी महापालिकेचं लायसन काढ. दुसरा म्हणतो, जीएसटी नंबर नसेल तर सोसायटीवाले दारात उभं करत नाहीत. तिसरा म्हणतो, काही लागत नाही रे, कोण विचारतंय? चौथा काही न बोलता एजंटाचा नंबर देतो. शेवटी चालतं ते या चौथ्याचंच.

माझं म्हणणं थोडक्यात असं. किरकोळ दुरुस्तीच्या धंद्याला आपल्या राज्यात कायदा जेवढं मागतो, त्याहून कितीतरी जास्त माणसं मागतात. आणि जिथे कायदा खरोखर परवाना मागतो, कारण तिथे माणूस मरू शकतो, तिथे मात्र कुणी विचारत नाही. पहिल्या जागचा कागदाचा धाक घालवा आणि दुसऱ्या जागचा परवाना कारागिराच्या हाताला लागेल असा करा. दोन्हीसाठी नवा कायदा लागत नाही. आहे तो कायदा लोकांना वाचता येईल अशा रीतीने भिंतीवर लागला तरी निम्मं काम होईल.

पहिला मान शॉप अ‍ॅक्टचा. 1948च्या कायद्यात एकट्या दुकानदारालाही नोंदणी आणि नूतनीकरण चुकत नव्हतं. 2017च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाने ते ओझं उतरवलं. मोजकीच माणसं कामाला असतील तर नोंदणी नाही. धंदा सुरू केल्याची सूचना नमुना ‘एफ’मध्ये ऑनलाइन द्यायची आणि पावती जपून ठेवायची, झालं. एकट्याने नळ बसवणाऱ्याला याहून जास्त काही करायचं नाही. पण ही पावती आजही लायसनच्या भावात विकली जाते.

दुसरं उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी. 1 जुलै 2020पासून सुरू झालेली ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे. आधार क्रमांक द्यायचा, माहिती स्वतःच भरायची, कागदपत्रं जोडायची नाहीत. कारखानाच हवा असं नाही, सेवेच्या धंद्यालाही ती मिळते. तरी एजंटाकडे काय घडतं ते पाहा. मागच्या पावसाळ्यात एका पोराने प्लास्टिकची फाइल माझ्यासमोर उघडली. आत शॉप अ‍ॅक्टची पावती आणि उद्यमचं प्रमाणपत्र, दोन्ही लॅमिनेट केलेली, कोपऱ्यात एजंटाचा शिक्का. पोरगा आठ वर्षं प्लंबिंग करतोय. प्रमाणपत्रावर धंद्याचा प्रकार होता कपड्यांची किरकोळ विक्री. एजंटाने मागच्या गिऱ्हाइकाचा फॉर्म तसाच पुढे ढकलला होता. प्लंबिंगचा संकेतांक 4322 आणि विजेच्या कामाचा 4321, हे ज्याला ठाऊक नाही त्याला ती चूक दिसणार तरी कशी? ती दिसली बँकेतल्या साहेबांना, कर्जाच्या अर्जावर. दुरुस्ती त्याच संकेतस्थळावर होते, तीही फुकट. एजंटाने मात्र दुरुस्तीचे पुन्हा पैसे मागितले.

तिसरा बागुलबुवा जीएसटीचा. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या पुढे गेली तरच नोंदणी सक्तीची होते. रोजचे हजार रुपये आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर या माणसाची उलाढाल तीन लाख होते. तो वीस लाखांच्या आसपासही नाही. अ‍ॅपवरून प्लंबिंग-सुतारकामाची ऑर्डर घेतली आणि कारागीर नोंदणीच्या मर्यादेत येत नसेल, तर कर अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीने भरायचा, असाही नियम आहे. हे माहीत नसल्यामुळे काही पोरं धास्तीने नंबर काढून बसतात. मग दर महिन्याला नाहीतर तिमाहीला विवरणपत्र आलं, नाही भरलं की विलंबशुल्क आलं, आणि ते भरायला पुन्हा एजंट आला.

चौथी गोष्ट व्यवसाय कराची, आणि ती आपल्या जिल्ह्याने विसरू नये अशी आहे. 1972च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर पसरली. तिला पैसा हवा म्हणून 1975मध्ये हा कर आला. ज्या मुलुखात माणसं पाझर तलाव आणि रस्त्यांवर खडी फोडून जगली, त्यांच्यासाठी शहरातल्या कमावत्याने दिलेला तो हातभार होता. आज स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यासाठी तो सरसकट वर्षाला अडीच हजार रुपये आहे. राज्यघटनेने घातलेली कमाल मर्यादाही तीच. पगारदाराला पगाराप्रमाणे टप्पे आहेत, व्यावसायिकाला नाहीत. एकट्याने नळ-पंखे दुरुस्त करणारा माणूस कायद्याच्या परिशिष्टातल्या कुठल्या ओळीत बसतो, बसतो की नाही, हे सांगणारा एकही फलक माझ्या पाहण्यात नाही. ज्यांच्या आई-वडिलांनी रोजगार हमीवर घमेली उचलली, त्यांच्या मुलांना निदान हे तरी स्पष्ट कळायला हवं.

राहिला बँकेचा प्रश्न. धंद्याच्या नावाने चालू खातं काढायला एकल मालकाने व्यवसायाचे दोन पुरावे द्यावेत असं रिझर्व्ह बँकेचे नियम सांगतात. पण दोन देणं शक्य नाही अशी बँकेची खात्री पटली, तर एकावरही खातं उघडता येतं, हेही तेच नियम सांगतात. पहिलं वाक्य काउंटरवर सगळ्यांना पाठ असतं, दुसरं कुणी उच्चारत नाही. पाचशे-हजाराच्या कामाला जीएसटी नंबर मागणारा सोसायटीचा सचिव काय, आणि नसलेला कागद आणायला धाडणारा कारकून काय, दोघं मुद्दाम त्रास देत नाहीत. काय लागत नाही, हे त्यांनाही कुणी लिहून दिलेलं नाही.

आता दुसरी बाजू. तिथे मी पोरांची बाजू घेणार नाही.

विजेच्या कामाला परवाना लागतो आणि लागलाच पाहिजे. 1956च्या भारतीय विद्युत नियमांत 45वा नियम होता. तोच पुढे केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत आला. त्याने रेघ अगदी स्वच्छ आखली आहे. 250 व्होल्टपर्यंतचे दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि घरगुती उपकरणं बदलण्याचं काम, ज्याने जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही, ते या अटीतून मोकळं आहे. त्यापलीकडचं सगळं काम, म्हणजे नवी वायरिंग, वाढीव पॉइंट, फेरफार, हे परवानाधारक ठेकेदाराकडून, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या तारतंत्र्याच्या हातूनच व्हायला हवं. म्हणजे भिंगारला पंखा टांगणारा पोरगा कायद्यात आहे. त्याच घरात गीझरसाठी नवी लाइन ओढली की तो बाहेर गेला. सत्तर वर्षांच्या आसपास जुनी ही रेघ माझ्या काउंटरवर येणाऱ्या दहांपैकी दोघांनाही माहीत नसेल.

परिणाम काय होतो, तो मी रोज पाहतो. नव्या मीटरच्या अर्जाला परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. मेगर लावून इन्सुलेशन तपासायचं, अर्थिंग मोजायचं आणि मग सही करायची, असा तो कागद. पुष्कळ ठिकाणी वायरिंग एकाने केलेली असते आणि सही दुसऱ्याची असते. सही करणाऱ्याने घर पाहिलेलं नसतं. तीन पिनच्या सॉकेटचं वरचं मोठं भोक कुठल्याच तारेला जोडलेलं नाही, अशी घरं आमच्या पोरांना दर आठवड्याला सापडतात. अर्थिंगची हिरवी तार खांद्यावर टाकून घरमालक विचारतात, "ही न टाकता चालेल ना? तेवढीच वाचली." अशा घरात पावसाळ्यात ओल्या हाताने वॉशिंग मशीनला हात लावणाऱ्या बाईचा जीव त्या उसन्या सहीवर टांगलेला असतो. परवाना म्हणजे कागद नव्हे, जबाबदारी कुणाची याची ती नोंद आहे. इथे मला सक्ती हवी आहे.

पण सक्ती करायची तर रस्ता हवा. आयटीआयचं वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं प्रमाणपत्र असलेल्याला तो जवळचा आहे. दहावी नापास होऊन मामाच्या हाताखाली पंधरा वर्षं वायरिंग शिकलेल्याला परीक्षा द्यावी लागते, आणि तिचा फॉर्म, अभ्यास, तारीख यातलं काही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. हात तयार आहेत, कागद नाही. म्हणून तो सही विकत घेतो.

आणखी तीन कामं अशीच आहेत, जी घरमालक सहज जाताजाता सांगतो आणि कारागीर सहज करतो. घरातला नळ बदलायला कुणाची परवानगी लागत नाही, पण मुळा धरणावरून आलेल्या मुख्य वाहिनीला जोड देणं हे महापालिकेच्या परवानाधारक प्लंबरचं काम आहे. वाळवी मारायचं औषध धंदा म्हणून फवारायचं तर 1968च्या कीटकनाशक अधिनियमाखाली परवाना लागतो. आणि मैल्याच्या टाकीत माणूस उतरवायला जगातला कुठलाच परवाना पुरत नाही. 2013च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला त्यात उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्यातून घरमालक सुटत नाही. "जरा खाली उतरून बघ, तुंबलंय" असं म्हणणाऱ्याला हे माहीत असायला हवं, आणि "नाही उतरत" म्हणणाऱ्याच्या हातात दाखवायला कागद असायला हवा.

अमेरिकेतलं एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. कॅलिफोर्निया राज्यात पाचशे डॉलरपर्यंतचं किरकोळ काम ठेकेदाराच्या परवान्याशिवाय करता येत होतं. 1 जानेवारी 2025पासून ती मर्यादा हजार डॉलर झाली. अटी मोजक्या: मदतनीस ठेवायचा नाही, बांधकाम परवानगी लागेल असं काम घ्यायचं नाही, आणि जाहिरातीत आपण परवानाधारक नाही हे सांगायचं. त्यांचा आकडा आपल्याला नको. पण रेघ कुठे आहे हे तिथे कारागीर आणि घरमालक दोघांनाही सांगितलं जातं. आपल्याकडे रेघ आहे, सांगणारा नाही.

योजनांबद्दलही दोन शब्द. 17 सप्टेंबर 2023ला पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. प्रशिक्षण, त्या काळात रोज पाचशे रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी पंधरा हजार, आणि पाच टक्क्यांनी आधी एक लाख व मग दोन लाखांचं कर्ज. चांगली योजना आहे. यादी अठरा कामांची: सुतार, लोहार, गवंडी, कुंभार, चांभार वगैरे. त्यात प्लंबर नाही, वायरमन नाही, रंगारी नाही. ज्या जिल्ह्यात घरांना कुलूप न लावणारं शनिशिंगणापूर आहे, तिथे कुलूप बनवणाऱ्याला योजना आहे आणि नळ बसवणाऱ्याला नाही! यादी गावगाड्याच्या बलुतेदारांना डोळ्यासमोर ठेवून झाली असणार, ते समजू शकतं. पण आजच्या घरात ज्याच्यावाचून एक दिवस निघत नाही, ते बलुतं या पोरांकडे आहे. या योजनेच्या जिल्हा अंमलबजावणी समितीचं अध्यक्षपद आपल्याकडेच असतं, म्हणून हे आपल्या कानावर घालतो.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचंही तसंच. मंडळ ज्यातून उभं राहिलं त्या 1996च्या कायद्याने बांधकामाच्या व्याख्येत दुरुस्ती आणि देखभालही घेतली होती. पण नोंदणीला मागच्या वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. एका ठेकेदाराकडे तीन महिने राहिलेल्याला तो मिळतो. नव्वद दिवसांत नव्वद घरांत काम केलेल्याला कुणी द्यायचा? मग तो दाखलाही विकत मिळतो, आणि ज्याने कधी थापी धरली नाही त्यालाही मिळतो.

यात हद्दींचा घोळ वेगळाच. शहरात महापालिका, भिंगारला छावणी परिषद, सुप्याला ग्रामपंचायत, संगमनेरला नगरपरिषद. कारागिराची मोटारसायकल एका दिवसात यातल्या दोन-तीन हद्दी ओलांडते. चौदा तालुक्यांच्या, सतरा हजार चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्यात अकोल्याचा किंवा जामखेडचा माणूस चौकशीसाठी नगरला आला की त्या दिवसाची मजुरी गेली. साहेब जागेवर नसले की दुसऱ्या दिवसाचीही.

काहीजण म्हणतील, मग जिल्ह्यापुरतं एक नवं दुरुस्ती-लायसन काढा, सगळं एका छताखाली येईल. कृपा करून असं करू नका. नवं लायसन म्हणजे नवी खिडकी आणि त्या खिडकीबाहेर नवा एजंट. कारागीर अनोळखी घरात शिरतो, घरात म्हातारी माणसं एकटी असतात, ही लोकांची काळजी रास्त आहे. त्यासाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला ऑनलाइन मिळण्याची सोय आधीच आहे. ज्याला गिऱ्हाइकाचा विश्वास हवा तो ती स्वखुशीने काढील. तिची सक्ती नको.

मागणं चार गोष्टींचं.

एक. महापालिका, जिल्हा उद्योग केंद्र, कामगार कार्यालय, विद्युत निरीक्षक आणि राज्यकर विभाग यांना एका टेबलाशी बसवून एक पान तयार करा. त्यावर तीन रकाने: काय लागतच नाही, काय फुकट मिळतं, आणि कुठल्या कामाला परवान्याशिवाय हात लावायचा नाही. 2015च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांची फी, मुदत, जबाबदार अधिकारी आणि अपील हे फलकावर लावणं बंधनकारक केलंच आहे. आम्ही त्याच तत्त्वाने एका धंद्यापुरतं एक पान मागतो आहोत.

दोन. ते पान प्रत्येक आपले सरकार सेवा केंद्रात, आयटीआयमध्ये आणि तालुक्याच्या कचेरीत लावा, आणि सेवा केंद्रांवर या कामांचे ठरलेले दर मोठ्या अक्षरांत दिसतील हे पाहा.

तीन. तारतंत्री परवान्याच्या परीक्षेची तयारी आणि अर्ज भरण्याची शिबिरं तालुक्याच्या आयटीआयमध्ये, संध्याकाळी किंवा रविवारी घ्या, म्हणजे रोज बुडणार नाही. वर्ष-दोन वर्षं ही वाट खुली ठेवा आणि त्यानंतर टेस्ट रिपोर्टांची नमुना तपासणी कडक करा. सही एकाची आणि हात दुसऱ्याचा सापडला, तर कारवाई सही विकणाऱ्यावर आधी व्हावी.

चार. विश्वकर्माच्या यादीत प्लंबर, वायरमन आणि रंगारी घ्यावेत, आणि नव्वद दिवसांच्या दाखल्यासाठी कामाची वही व मोबाइलवर जमा झालेल्या मजुरीची नोंद ग्राह्य धरावी, अशी शिफारस आपल्या सहीने वर पाठवा. आमच्या निवेदनाला आवक क्रमांक मिळतो, आपल्या शिफारशीला उत्तर मिळतं.

आमच्याकडून काय, तेही सांगतो. हार्डवेअर आणि इलेक्ट्रिकलच्या दुकानांइतकी या माणसांची रोजची हजेरी दुसऱ्या कुठल्याच कचेरीत नाही. आपलं पान तयार झालं की ते स्वखर्चाने छापून काउंटरवर लावायला मी तयार आहे, आणि धंद्यातल्या ओळखीच्यांनाही गळ घालीन. या पत्रासोबत त्याचा कच्चा मसुदा जोडतो आहे. त्यात जिथे चुकलं असेल तिथे आपल्या अधिकाऱ्यांनी लाल शाईने खोडावं, रकाना सुटला असेल तर समासात लिहावं आणि खाली सही-शिक्का करावा. सुबक छपाईची वाट पाहत बसण्यापेक्षा तो खाडाखोडीचा कागदच झेरॉक्स करून मी दुसऱ्या दिवशी लावीन.

आपला,
एक हार्डवेअर दुकानदार,
अहिल्यानगर

प्रत : मा. आयुक्त, महानगरपालिका, महाव्यवस्थापक, जिल्हा उद्योग केंद्र, विद्युत निरीक्षक.